आधी पाय, मग कविता

जुन्नरहून चालत नाणेघाट गाठायचा, वाटेत लिहायचं, रात्री वाचायचं आणि शेवटच्या दिवशी घाट उतरून वैशाखऱ्याला एसटी पकडायची, असं तुझं शिबिर ठरलंय. बेत उत्तम आहे. पण तू पाठवलेलं वेळापत्रक वाचून मला आधी तुझ्या बारा माणसांची कीव आली. सकाळी पंधरा किलोमीटर चाल, दुपारी वृत्तांवर दोन तास व्याख्यान, संध्याकाळी दोन तास लेखन, जेवणानंतर वाचन आणि चर्चा. तिसऱ्या दिवशी ही माणसं तुला शिव्या देतील, आणि त्याही गद्यात.

म्हणून हे चार शब्द. आयुष्यभर पोरांना घेऊन डोंगरात हिंडले आणि वर्गात मराठी शिकवलं. दोन्हींतून एक गोष्ट पक्की कळली, ती कानात ठेव: दिवसात एकच थकवा मावतो. चालून आलेला थकवा लिहिणाऱ्याच्या कामाचा असतो. दहा किलोमीटर झाल्यावर माणसाला शहाणपण मिरवायचं सुचत नाही. तो साधं बोलतो आणि साधं लिहितो. त्यावर वर्गाचा थकवा चढवलास की तो फक्त झोपतो. तेव्हा पायांच्या बेताने लेखन बसव, लेखनाच्या बेताने पाय नको. पुढचं सगळं यातूनच निघतं.

अंतर कापायचं नाही, वाटायचं

जुन्नरपासून घाटाचा माथा तीस-पस्तीस किलोमीटरवर. सवयीचा गडी दीड दिवसात पोचेल. तू ते तीन दिवसांत वाट. पहिला दिवस माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेने. दुसऱ्या दिवशी चावंडच्या पायथ्याला मुक्काम. तिसऱ्या दिवशी पूरच्या कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ बघून घाटघर. दिवसाला दहा-बारा किलोमीटर झाले की पुरे. चावंड चढायचा हट्ट कुणीतरी धरेलच. त्याला सांग, किल्ला पुढच्या रविवारीही तिथंच असतो.

चौथ्या दिवशी चालायचंच नाही. घाटघरला बसायचं, कपडे वाळवायचे, पायांना तेल लावायचं, लिहायचं. ही युक्ती माझी नाही. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालणारी माउलींची पालखीसुद्धा पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री मुक्काम करते. शतकांचा अनुभव असलेली माणसं मध्ये थांबतात, तर आपण कोण लागून गेलो? पाचव्या दिवशी नाणेघाट आणि उतराई.

खाली उतरल्यावर कुणाला तरी जुना व्यापारी मार्ग थेट कल्याणपर्यंत चालत जाण्याची हुक्की येईल. ऐकू नकोस. वैशाखऱ्यापासून पुढे हमरस्ता आहे. ट्रकांच्या भोंग्यांत कविता सुचत नाही आणि कडेने चालणंही धड नाही.

मोसम

पावसाळ्यात नाणेघाटात वाऱ्याने धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं. ते बघायला शनिवार-रविवारी जत्रा लोटते. घाटाच्या दगडी पायऱ्या शेवाळलेल्या, वह्या ओल्या, माणसं गारठलेली. हौसेने बघायला जा, शिबिर तेव्हा नको. भातकापणीच्या दिवसांतही जाऊ नकोस. सगळं गाव खाचरात आणि खळ्यावर असतं, आणि तुझ्या बारा जणांचा स्वयंपाक कुणाच्या तरी गळ्यात पडतो. झोडणी उरकून भात घरात आलं की माणसांना बोलायला सवड असते. डिसेंबर चांगला. घाटमाथ्यावर रात्री थंडी कडक असते, तेवढं एक जाड पांघरूण जास्त घे.

पिशवी आणि पाय

जडशीळ सामान जीपने पुढच्या मुक्कामाला धाड. दिंडीचे ट्रक तंबू आणि शिधा घेऊन पुढे जातात, तसंच. पाठीवर पाणी, खाऊ, टोपी, वही, बस्स.

वही खिशात मावणारी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. मोठी वही पाठपिशवीत जाते, आणि पाठपिशवीतली वही दिवसभर बाहेर निघत नाही. लिहायला शिसपेन्सिल. दमट कागदावर बॉलपेन रुसतं, पेन्सिल रुसत नाही. शिवाय पेन्सिलीने लिहिलेलं पक्कं वाटत नाही, त्यामुळे माणूस खोडायला घाबरत नाही. मोबाइलवर लिहायला बंदी. त्यात लिहायला म्हणून डोकं घातलेला माणूस अर्ध्या तासाने भलत्याच गावाहून परत येतो. तुझा आणि सर्वांत मागे चालणाऱ्याचा, असे दोनच फोन चालू ठेव.

नवे बूट घेऊन येणाऱ्याला जुन्नरच्या स्टँडवरूनच परत पाठवायची धमकी आधी देऊन ठेव. महिनाभर वापरलेलं पादत्राण पाहिजे. पायाची नखं कापून यायला सांग. उतारावर बोटं पुढे आदळतात आणि वाढलेली नखं काळीनिळी होतात. कुठे चुरचुरायला लागलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर नाही, येण्याआधी. लाजेने गप्प बसणारा कवी दुसऱ्या दिवशी जीपमध्ये असतो.

बायकांच्या सोयीचं आधी विचार. मुक्कामाला शौचालय कुठे, पाणी किती, पाळीच्या दिवसांत कुणाला जीपने जायचं असेल तर तिने कुणालाही कारण सांगावं लागू नये. या गोष्टी वेळापत्रकात लिहून टाकल्या की विचारण्याचा संकोच उरत नाही.

निघण्याआधी काय वाचायचं

फार नको. इरावती कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’मधला ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख आणि दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’. दोघंही भक्तिभावाने भारावून न जाता, डोळे उघडे ठेवून चाललेली माणसं. तुला स्वतःला मात्र स. आ. जोगळेकर वाचावे लागतील. ‘सह्याद्री’ लिहिणारा हाच माणूस, आणि हालसातवाहनाची गाथासप्तशती १९५६ साली मराठीत आणणाराही हाच. ज्याला डोंगराच्या वाटा ठाऊक होत्या, त्यालाच त्या वाटेवरच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजवटीची कविता मराठीत आणावीशी वाटली, हा काही योगायोग नव्हे. तू नेमकी त्याच मुलखातून माणसं नेणार आहेस.

चालताना लिहायचं नाही

वारकरी चालताना नवं रचत बसत नाही. त्याला अभंग पाठ असतात, म्हणून हात टाळाला मोकळे आणि डोळे वाटेला मोकळे. तुझ्या माणसांनाही चालता चालता वही काढू देऊ नकोस. ठेच लागते आणि रांग तुटते. डोक्यात जेवढं मावेल तेवढंच रचायचं, पुढच्या थांब्यापर्यंत मनात घोळवायचं, थांबल्यावर उतरवायचं. तिथवर जे विसरलं ते विसरण्यासारखंच होतं.

यासाठी अभंगाचा छंद शिकव. व्याख्यान नको, पाच मिनिटांत उभ्या उभ्या सांगून होतो. मोठ्या अभंगात चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. लघु-गुरूचा हिशेब नाही, अक्षरं मोजली की झालं. एका पावलाला एक अक्षर धरून म्हणायला लाव. तीन चरण सहा-सहा पावलांचे जातात, आणि चौथ्याला चार अक्षरांनंतर दोन पावलं रिकामी उरतात. त्या दोन पावलांत श्वास घेता येतो. हे फळ्यावर सांगून कुणाच्या गळी उतरत नाही; माणिकडोहच्या सपाटीला अर्धा तास चालून बघितलं की आपोआप उतरतं.

चढावर मात्र काही रचायला सांगू नकोस. चढावर दम हेच काम. रोज सकाळी एक तास अबोला ठेव: दोघादोघांत दहा पावलांचं अंतर, कुणी कुणाशी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी लोकांना अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्या दिवशी तेच मागून घेतात.

रोज एक धडा, एकच

लेखनासाठी दिवसातून तीन थांबे, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटांचे. धडा एकच, आणि तो त्या दिवसाच्या वाटेतून निघालेला.

पहिल्या दिवशी फक्त नामं. विशेषण एकही नाही. दिसलेल्या, हाताळलेल्या, विचारून घेतलेल्या वस्तूंची यादी. शहरातून आलेल्या माणसाला झाड म्हणजे झाड असतं. त्याला हिरडा कुठला, कारवी कुठली, वरई कशी दिसते, हे गुराख्याला विचारू दे. यादी झाली की त्यातली पाच नामं ठेवून बाकी खोडायला लाव. ‘हिरवागार’ आणि ‘निसर्गरम्य’ या दोन शब्दांवर पाचही दिवस बंदी.

दुसऱ्या दिवशी वर सांगितलेला अभंगाचा छंद. विषय देवाचा नको, पायांचा घे: दुखणारी टाच, बुटातला खडा, पुढे चालणाऱ्याची पाठ.

तिसऱ्या दिवशी कुकडेश्वराजवळ. कुकडी नदीचा उगम इथला. इथे गाथासप्तशतीची ओळख करून दे. महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे सुट्या गाथा, प्रत्येक दोन ओळींची आणि स्वतःत पुरी. त्यात राजदरबार कमी आणि गाव जास्त: शेत, नदी, सासू, दीर, शेजारीण. आणि पुन्हा पुन्हा येतो तो प्रवासाला गेलेला माणूस आणि त्याची वाट बघणारी बायको. तुझी बाराही माणसं आज प्रवासी आहेत. त्यांना म्हणावं, वाटेवरून लिहू नका. घरी जे माणूस मागे राहिलंय त्याच्या तोंडून दोन ओळी लिहा. या एका धड्याने रडकी आत्मकविता निम्म्याने कमी होते.

चौथा दिवस बसायचा. मागच्या तीन दिवसांतलं उचलून गद्याचा एक परिच्छेद आणि शेवटी एक लहानशी कविता, असा जोड करायचा. जपानी कवी बाशोने १६८९मध्ये उत्तरेकडे केलेल्या लांबलचक पायी प्रवासाचं पुस्तक याच रीतीने लिहिलंय. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुळला, तेव्हा लहान कवितेची आपल्याला धास्ती नाही. अवघड जातो तो तिच्याआधीचा कोरडा, नेमका परिच्छेद. वेळ त्यावर घालव.

पाचव्या दिवशी नाणेघाटातलं लेणं. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या आणि वर नावं कोरलेली: सिमुक, नागनिका, सातकर्णी. प्रतिमा गेल्या, नावं राहिली. बाजूच्या भिंतींवरचा ब्राह्मी लेख नागनिकेचा मानतात. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, अगदी आकड्यांसकट. म्हणजे महाराष्ट्रातला इतका जुना आणि मोठा लेख ही एक यादीच आहे. माणसांना लेण्याबाहेर बसव आणि आपापली यादी करायला सांग: या पाच दिवसांत कुणाकडून काय मिळालं, किती मिळालं. दोन तांबे पाणी, एक चिकटपट्टी, अर्धी भाकरी. देणाऱ्याचं नाव आणि आकडा दोन्ही हवेत. पहिल्या दिवशी नामांची यादी करताना जे चाचपडत होते, त्यांना इथं कविता सापडते.

भिंतींना हात लावू देऊ नकोस, खडूने अक्षरं गिरवू तर मुळीच देऊ नकोस. डोंगरकड्याला आग्या मोहळं असतात. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. माकडांपासून खाऊ सांभाळ. घाटाची उतराई दोन-तीन तासांची धर, लेणं सकाळीच उरक आणि उन्हं चढायच्या आत उतरायला लाग. उतरताना फक्त पायाखाली बघायचं. सर्वांत पुढे घाटघरचा वाटाड्या, सर्वांत मागे तू.

संध्याकाळची बैठक

वारीत मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतात, टाळ थांबतात, कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात, दिंड्यांच्या तक्रारी ऐकतात, मग आरती. ही व्यवस्था जशीच्या तशी उचल. बैठकीची पहिली दहा मिनिटं तक्रारींची: कुणाचा गुडघा, कुणाला जेवण तिखट, कुणाच्या घोरण्याने कुणाची झोप मोडली. ते पोटात ठेवून माणूस बसला तर दुसऱ्याच्या कवितेवर काढतो.

वाचन जेवणाआधी, पाऊण तास. प्रत्येकाने आज लिहिलेलं एकच वाचायचं. ऐकणाऱ्याने एवढंच सांगायचं: कुठली ओळ लक्षात राहिली. वाहवा नाही, दुरुस्ती नाही, ‘मला वाटतं तुम्हाला म्हणायचंय की’ हे तर अजिबात नाही. चिकित्सा करायची नाही असं मी म्हणत नाही. दुखऱ्या पायांच्या माणसाची करायची नाही. तिची वेळ पुढे आहे.

प्रत्येक गटात एक जण ‘माझी एक जुनी रचना ऐकवतो’ म्हणतोच. जुनी रचना ऐकवणाऱ्याने सगळ्यांची ताटं घासायची, असा नियम पहिल्याच रात्री जाहीर कर. आणि तू स्वतः रोज लिही, रोज वाच. शिकवणारीने फसलेली ओळ सगळ्यांसमोर वाचली की बाकीच्यांची भीड चेपते.

झोपण्याआधी पाच मिनिटं कोरडी नोंद: तारीख, गाव, वारा, काय खाल्लं, कोण भेटलं. विल्यम वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्सच्या कवितेमागे त्याच्या बहिणीची, डॉरथीची, १५ एप्रिल १८०२ची दैनंदिनी आहे. फुलं दोघांनी एकत्र बघितली, तिने नोंद केली, त्याची कविता दोनेक वर्षांनी झाली. बाशोच्या प्रवासातही त्याचा सोबती सोरा रोजनिशी लिहीत होता. ती विसाव्या शतकात उजेडात आली, तेव्हा कळलं की बाशोने पुस्तकात काही ठिकाणी तारखा आणि घटना इकडच्या तिकडे केल्या होत्या. कवीला तेवढी मुभा आहे. पण मुभा घ्यायची तर खरं काय घडलं ते कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं.

गाव म्हणजे विषय नव्हे

या पट्ट्यात महादेव कोळ्यांची वस्ती आहे. भाताची आणि नाचणी-वरईची शेती, जोडीला हिरड्याचं उत्पन्न. सरपंचांना आणि शाळेच्या गुरुजींना दोन आठवडे आधी भेटून ये. जेवणाचा दर आधी ठरव, तो स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच विचार आणि पैसे तिच्याच हातात दे. ‘पाहुणचाराचे कसले पैसे’ असं घरातला पुरुष म्हणतो, चुलीपुढे मात्र ती बसलेली असते.

दारिद्र्य बघून कळवळलेल्या कविता पहिल्याच रात्री येतात. लिहिणाऱ्याला एवढंच विचार: ही त्या घरात मोठ्याने वाचून दाखवशील? नाही म्हणाला, तर ती कविता अजून झालेली नाही.

विश्रांतीच्या दिवशी म्हाताऱ्या बायकांकडे बसा. जाती बंद पडली, पिठाच्या गिरण्या आल्या, तरी ओव्या आठवणाऱ्या आहेत. ‘कार्यक्रम करा’ म्हणायचं नाही. त्यांच्यासोबत काही निवडा, सोला, मग विचारा. विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखभर ओव्या जमवल्या, त्या म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवून. तुझ्या लोकांच्या वहीत ओवी उतरली तर शेजारी नाव पाहिजेच.

परतल्यावर

महिन्याने पुण्यात एका खोलीत सगळ्यांना बोलाव. आता खुर्च्या असू देत, चहा असू दे, आणि तुझं ते वृत्तांवरचं दोन तासांचं व्याख्यानही दे. आता माणसं ऐकतील, कारण सहा पावलांनंतर काय होतं ते त्यांच्या पायांना ठाऊक आहे. चिकित्सा इथे कर, हात राखू नकोस. प्रत्येकाने एकच लेखन निवडायचं आणि त्यातला तिसरा हिस्सा गाळायचा. निवडलेल्यांची साधी पुस्तिका काढ आणि पहिल्या प्रती घाटघरच्या शाळेला आणि जिथे जेवलात त्या घरांना टपालाने धाड, बाकीच्या नंतर वाट. आणि ज्याला आपल्या लेखनातली एकही ओळ गाळावीशी वाटली नाही, त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत सर्वांत वर घाल. त्याचं चालणं अजून कमी पडलंय.